वेड्यांच्या इस्पितळाची जागा

कांहीं गांवांच्या नशिबीं असें येतें कीं, त्यांचें नांव नुसतें घेतलें तरी ऐकणारा हंसतो. मुंबईकडे एखाद्यास ‘आतां तुला ठाण्याला पाठवलें पाहिजे’ असें म्हटलें, तर त्याचा तलावपाळीशीं किंवा कौपीनेश्वराशीं कांहीं संबंध नसतो. आणि पुण्यांत कोणीं ‘येरवड्याला जागा पाहून ठेवा’ असें म्हटलें, तर ऐकणाऱ्यानें तुरुंग समजावा कीं वेड्यांचें इस्पितळ समजावें, एवढाच काय तो विकल्प उरतो. ही थट्टा आपल्या घराघरांतून इतकी मुरलेली आहे कीं, ती करतांना आपण एका खऱ्याखुऱ्या फाटकाविषयीं बोलत आहोंत, आणि त्या फाटकाच्या आंत आपल्यासारख्याच घरांतून गेलेलीं माणसें बसलेलीं आहेत, हें आपल्या मनांत क्षणभरहि येत नाहीं.

मी हडपसरास राहतों. इतिहासाच्या पुस्तकांत हें गांव १८०२ च्या दिवाळींत होळकरांनीं पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला त्या लढाईपुरतें येतें. आमच्या लहानपणीं तें भाजीपाल्याच्या मळ्यांचें गांव म्हणून ठाऊक होतें. आणि मगरपट्ट्याच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनीं एकत्र येऊन आपल्या चारशें एकर मळ्यांवर स्वतःच नगर वसविलें, तेव्हांपासून तें जागेच्या भावासाठीं ठाऊक झालें आहे. जागेचा भाव हा विषय येथें पानाच्या दुकानापासून देवळाच्या ओट्यापर्यंत सारख्याच गोडीनें चघळला जातो. त्यामुळेंच असेल, मनोरुग्णालयांविषयीं वर्तमानपत्रांत जें कांहीं येतें, तें आमच्याकडे मोठ्या बारकाईनें वाचतात. कारण त्यांतहि मुख्य गोष्ट बहुधा जागेचीच असते.

ठाण्याचेंच पाहा. नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवानें १९०१ सालीं निघालेलें हें इस्पितळ. सुमारें ७२ एकरांचें आवार आणि १,८५० खाटा. ठाणें व मुलुंड या स्थानकांच्या मध्यें आणखी एक रेल्वे स्थानक हवें होतें, आणि त्यास सोयीची जागा नेमकी या आवारांत निघाली. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, कांहीं वर्षें अडलें, आणि २०२३ सालीं सुमारें पंधरा एकर जमीन स्थानकासाठीं देण्याचा मार्ग मोकळा झाला. उरलेल्या आवारांत जुन्या इमारतींच्या ठिकाणीं बंगलोरच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या धर्तीवर नवें इस्पितळ उभें करण्याचें शासनानें ठरविलें. स्थानक व्हावें यांत वाद नाहीं. सकाळीं आठाच्या सुमारास ठाण्याच्या फलाटावर उभा राहिलेला कोणीहि मनुष्य त्याविरुद्ध बोलणार नाहीं. नव्या इस्पितळासहि माझी ना नाहीं. मला खटकलें तें एवढेंच कीं, एकर आणि खाटा मोजणाऱ्या त्या मजकुरांत आंत राहणाऱ्या माणसांविषयींचें वाक्य फार शोधल्यावर सांपडत असे.

मुळांत या इस्पितळांसाठीं जागा कशा निवडल्या गेल्या, हें पाहिलें म्हणजे आजच्या ओढाताणीचा उलगडा होतो. इंग्रज सरकारनें वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा कायदा १८५८ सालीं केला. नागपूरचें इस्पितळ १८६४ चें, रत्नागिरीचें १८८६ चें. मुंबईस कुलाब्याला यांहून जुनें इस्पितळ होतें. पुढें तेथील रुग्ण हलवावे लागले आणि येरवड्याचें मोठें इस्पितळ १९१५ च्या सुमारास चालू झालें. हिशेब बहुतेक ठिकाणीं एकच असे: मोकळी हवा, उंच भिंत, स्वस्त जमीन आणि वस्तीपासून दूर. वेशीबाहेर काढावयाच्या माणसांसाठीं वेशीबाहेरची जागा! परंतु शहराची वेस कांहीं दगडांत रोंवलेली नसते. ती चालत येते. शंभर वर्षांत नौपाड्याच्या आणि येरवड्याच्या भिंतींपाशीं बाजार आले, उंच इमारती आल्या, विमानतळास जाणारे रस्ते आले. आणि कोणास नको म्हणून दिलेली ती जमीन सर्वांस हवीशी झाली. मधल्या काळांत नांवें मात्र बदलत गेलीं. १९२० नंतर ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आलें, त्याचें पुढें ‘मनोरुग्णालय’ झालें. भिंत तीच राहिली.

हें आपल्याकडेच घडतें असें नाहीं. लंडनचें बेथलेम इस्पितळ एवढें प्रसिद्ध कीं, त्याच्या अपभ्रंशावरून इंग्रजींत गोंधळाला ‘बेडलॅम’ हा शब्दच रूढ झाला. तें १९३० सालीं दुसरीकडे गेलें, आणि १९३६ पासून त्याच्या जुन्या इमारतींत युद्धाचें संग्रहालय आहे; लोक तिकडे तोफा पाहावयास जातात. वेड्यांच्या घरांत तोफा मांडल्या, हा नुसता योगायोग कीं कोणा चतुर मनुष्याची योजना, हें वाचकांनींच ठरवावें. त्याच शहराच्या उत्तरेस कोल्नी हॅच येथें १८५१ सालीं उघडलेलें इस्पितळ अडीच हजारांवर रुग्णांचें होतें. तें १९९३ सालीं बंद पडलें, आणि आज तेथें श्रीमंतांचीं घरें आहेत. वसाहतीचें नांव ‘प्रिन्सेस पार्क मॅनर’. जुन्या नांवाचा मागमूस नव्या नांवांत राहूं नये, असें घरें विकणाऱ्यांस वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं.

या सर्वांहून निराळी गोष्ट इटलींतील त्रिएस्ते या बंदराच्या गांवची आहे, आणि ती थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तेथील टेंकडीवर सान जोव्हान्नी नांवाचें इस्पितळ १९०८ पासून होतें. १९७१ सालीं फ्रांको बाझालिया नांवाचे डॉक्टर तेथें मुख्य होऊन आले, तेव्हां आंत सुमारें बाराशें माणसें होतीं. बाझालियांनीं प्रथम दारें उघडलीं, बांधून ठेवण्याचा प्रकार बंद केला, आणि जीं माणसें वर्षानुवर्षें झाडलोट, धुणें, स्वयंपाक हीं कामें ‘उपचार’ म्हणून फुकट करीत होतीं, त्यांची सहकारी संस्था काढवून त्यांस मजुरी मिळेल असें केलें. मला त्यांतील विशेष आवडतो तो घोड्याचा प्रसंग. धुण्याची गाडी ओढणारा मार्को नांवाचा एक म्हातारा घोडा इस्पितळांत होता. तो कामास निरुपयोगी झाला म्हणून खाटकाकडे जावयाचा होता. तेव्हां रुग्णांनीं अर्ज करून त्याचा जीव वांचविला. पुढें १९७३ सालीं त्यांनीं कलावंतांच्या मदतीनें लांकूड व कागदाच्या लगद्याचा एक मोठा निळा घोडा बनविला आणि त्यास मार्कोचेंच नांव दिलें. मिरवणूक निघाली, पण घोडा इतका उंच झाला होता कीं, तो फाटकांतून बाहेर पडेना. तेव्हां सर्वांनीं मिळून फाटक मोडलें, आणि घोड्यामागून शेंकडों माणसें गांवांत उतरलीं. त्यांतील कित्येकांनीं गांवचा रस्ता अनेक वर्षांनीं पाहिला असेल.

१९७८ सालीं इटलीनें कायदाच केला कीं, असल्या इस्पितळांत नवा रुग्ण घ्यावयाचा नाहीं. उपचार गांवांतील केंद्रांतून व साध्या इस्पितळांतील लहान विभागांतून व्हावे. सान जोव्हान्नीच्या आवारांत आज विद्यापीठाचे विभाग आहेत, शाळा आहे, नाटकगृह आहे, हजारों गुलाबांची बाग आहे, आणि जुन्या रुग्णांच्या सहकारी संस्थेनें चालविलेलें उपाहारगृह आहे. म्हणजे जागेचा कायापालट तेथेंहि झाला. परंतु तेथें अगोदर माणसें बाहेर आलीं, त्यांच्या राहण्याची, औषधाची, मजुरीची सोय लागली, आणि मग इमारती रिकाम्या झाल्या. उलट क्रमानें केल्यास काय होतें, हें अमेरिकेनें दाखविलें आहे. १९५५ सालीं तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपांच लाखांवर माणसें होतीं. पुढील दोन-तीन तपांत तीं इस्पितळें रिकामीं केलीं. पण त्यांच्याऐवजीं वस्तीवस्तींत जीं केंद्रें निघावयाचीं होतीं, तीं पुरेशीं निघालींच नाहींत. कित्येक माणसें रस्त्यावर आलीं आणि कित्येक तुरुंगांत गेलीं.

आतां आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्रांतील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून ५,६९५ मंजूर खाटा. त्यांतील २,५४० एकट्या येरवड्यास. अलीकडच्या वर्षांत तेथील रुग्णांची संख्या या आंकड्याच्या निम्म्याहून खालीं आली आहे. औषधें सुधारलीं, बाहेरून येऊन औषध नेणारे वाढले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जे आंत आहेत त्यांत दहा-दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेले, आणि डॉक्टरांच्या मतें घरीं जाण्यास योग्य असलेले, असे पुष्कळ आहेत. त्यांचा आजार संपला आहे. पत्ता संपलेला नाहीं, परंतु पत्त्यावरून उत्तर येत नाहीं. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा, जो २०१८ पासून लागू झाला, त्याच्या १९ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, कुटुंब नाहीं, किंवा कुटुंब घेत नाहीं, किंवा राहावयास घर नाहीं, एवढ्याच कारणासाठीं कोणासहि इस्पितळांत ठेवतां येणार नाहीं. मग त्यांनीं जावें कोठें? आपल्याकडे कांहीं काळ बऱ्या झालेल्या माणसांस भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत पाठविण्याचा सोपा मार्ग निघाला होता. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रास तो बंद करावयास लावला. न्यायालयानें सांगितलेला मार्ग म्हणजे पुनर्वसनगृहें: साध्या वस्तींत, साध्या घरांत, चार-सहा माणसांनीं देखरेखीखालीं राहावें आणि हळूहळू आपल्या पायांवर उभें राहावें. हें ऐकावयास सुंदर आहे. पण तीं घरें असावयाचीं कोणाच्या शेजारीं?

येथवर परक्यांच्या गोष्टी झाल्या. आतां घरची सांगतों. ती सांगावयास मला फार वर्षें लागलीं.

आमचा वाडा पेठेंत होता. दोन चौक, तीन चुली आणि लहानमोठीं मिळून सत्तावीस माणसें. माझे धाकटे काका, आम्ही मुलें त्यांस अण्णाकाका म्हणत असूं, १९६४ सालीं बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षास असतांना आजारी पडले. प्रथम बोलणें कमी झालें, मग रात्रीची झोंप गेली, मग आडांतून कोणी आपलें नांव घेऊन बोलतें असें म्हणूं लागले. आजी त्यांस नरसोबाच्या वाडीस घेऊन गेली. वैद्य झाले, अंगारे झाले. दोन वर्षें ते मागच्या चौकांतल्या लांकडांच्या खोलींत होते. पूर्वींच्या वाड्यांतून असल्या माणसास कसें सांभाळून घेत असत, हें आतां मोठ्या प्रेमानें लिहिलें जातें. सांभाळीत असत हें खरें आहे. दाराला कडी बाहेरून असे, हेंहि खरें आहे. त्यांचें ताट पुष्कळदां माझ्या हातीं देत, आणि तें उंबऱ्याशीं ठेवून मी पळून येत असें. तेव्हां मी सात-आठ वर्षांचा होतों.

१९६६ सालीं त्यांस इस्पितळांत पोंचविलें. कोणत्या, तें येथें लिहीत नाहीं. नव्या गोळ्यांचा गुण आला, आणि १९६९ सालीं इस्पितळाचें पत्र आलें कीं, रुग्ण चांगला आहे, घरीं नेण्यास हरकत नाहीं. त्या वर्षीं मोठ्या आत्याचें लग्न जमत आलें होतें. वडिलांनीं उत्तर लिहिलें: ‘घरीं मंगलकार्य आहे, तें उरकतांच येतों.’ मंगलकार्य उरकलें. मग धाकट्या आत्याचें आलें, मग चुलतबहिणीचें, मग माझ्या बहिणीचें. आमच्यासारख्या घरांत मंगलकार्यें संपतात कधीं? वडील निर्दय नव्हते. दर दिवाळीस ते इस्पितळांत फराळाचा डबा पोंचवीत, आणि परत आल्यावर त्या दिवशीं जेवत नसत. पण ‘त्यांच्या घराण्यांत वेड आहे’ हें वाक्य एकदां गांवांत फिरलें, कीं चार मुलींचीं लग्नें अडतील, ही भीति खोटी नव्हती. भीतीच्या मागचें शास्त्र मात्र कोणीं विचारलें नाहीं. हा आजार सामान्यतः शंभरांत एकास होतो; रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत ढोबळ मानानें दहांत एकास, पुतण्या-भाच्यांत शंभरांत तिघां-चौघांस. म्हणजे आत्यांस आणि आम्हां भावंडांस तो न होण्याचाच संभव कितीतरी अधिक होता, आणि झालाहि नाहीं.

१९९६ सालीं वाडा पाडून तेथें इमारत बांधावयाचें ठरलें. वांटण्या झाल्या, माझ्या वांट्याच्या पैशांतून मी हडपसरला दोन खोल्यांची जागा घेतली. वडील तेव्हां हयात नव्हते. पुढच्या वर्षीं वाण्यानें एक पाकीट माझ्या हातीं ठेवलें. पत्त्यावरचा वाडाच नाहींसा झाल्यामुळें टपालवाल्यानें तें त्याच्याकडे देऊन ठेवलें होतें, आणि तें तेथें तीन महिने पडून होतें. इस्पितळाचें पत्र: रुग्णाचे नातेवाईक असल्यास येऊन भेटावें. तें मी सौ.ला वाचून दाखविलें. ती एवढेंच म्हणाली, “ते निजणार कोठें?” मीं सांगितलें कीं ठाऊक नाहीं. मग तिनें फूटपट्टी घेऊन गॅलरी मोजली, आणि दुसऱ्या दिवशीं सुताराला बोलाविलें.

अण्णाकाका एकतीस वर्षांनीं घरीं आले. त्यांतलीं पहिलीं तीन वर्षें आजाराचीं होतीं. पुढचीं अठ्ठावीस आमच्या उत्तराचीं. पंचावन्न वर्षांचा तो गृहस्थ न्हाणीघराचें दार आंतून लावावयास घाबरे. जेवणाची घंटा झाली नाहीं म्हणून ताटावर बसत नसे, तेव्हां आमच्या मुलानें देवघरांतली घंटा वाजवावयास सुरुवात केली, आणि ती प्रथा पुढें दोन वर्षें चालली. चपला उशाखालीं घेऊन निजत. औषध रोज स्वतः मागून घेत. सौ.कडे स्वयंपाकाच्या पोळ्या लाटावयास ते केव्हां बसूं लागले, हें मला आतां आठवत नाहीं. इस्पितळाच्या मुदपाकखान्यांत त्यांनीं ती कला मिळविली होती, आणि त्यांची पोळी सौ.च्या पोळीहून गोल असे. तें ती स्वतःच शेजारणींस सांगे. शेजारणींस आम्हीं सांगितलें नाहीं तें एवढेंच, कीं ते कोठून आले. ‘गांवाकडे असत’ असें आम्ही म्हणत असूं.

दिवाळींत ते इस्पितळांत जाण्याचा हट्ट धरीत. तेथें त्यांचा एक मित्र होता, कोठल्या शाळेंत गणित शिकविलेला. त्यांच्यासाठीं लाडू घेऊन आम्ही दोघे जात असूं. एकदां परततांना काका म्हणाले, “तो माझ्याहून हुशार आहे. त्याच्याकडे अजून कार्यें चालूं आहेत.” माझ्या वडिलांचें तें पहिलें उत्तर त्यांस कोणीं वाचून दाखविलें होतें, हें मीं विचारलें नाहीं. २००४ सालीं काका वारले. गणिताचे मास्तर त्यानंतरहि आंतच होते.

हें सर्व आतां लिहिण्याचें कारण आमच्या सोसायटीची गेल्या महिन्यांतली सर्वसाधारण सभा. दुसऱ्या मजल्यावरची एक जागा भाड्यानें घेऊन तेथें इस्पितळांतून बऱ्या झालेल्या चार बायकांस, एका बाईंच्या देखरेखीखालीं, ठेवण्याची एका संस्थेची इच्छा होती. त्यांनीं चोरून कांहीं केलें नाहीं. अगोदर अर्ज दिला, कागद दाखविले, डॉक्टरांचीं पत्रें जोडलीं. सभेंत लहान मुलांचा प्रश्न निघाला, लिफ्टचा निघाला, रात्रीच्या रखवालदाराचा निघाला. एक गृहस्थ बरेच सरळ होते, त्यांनीं विचारलें, “जागेचा भाव पडला तर भरून कोण देणार?” त्यावर बराच वेळ चर्चा झाली. एका तरुण मुलीनें कायद्याचें १९ वें कलम वाचून दाखविलें. तिला सांगण्यांत आलें कीं, कायदा आपल्या जागीं ठीक आहे.

मी गप्प बसलों. ज्याच्या घरांत सात वर्षें असा मनुष्य राहिला, ज्याच्या मुलास त्यानें इंग्रजीचें व्याकरण शिकविलें, त्या मीं तोंडांतून अक्षर काढलें नाहीं. सभेंत माझ्या शेजारीं बसलेल्या गृहस्थांच्या ओळखींतून माझ्या नातीसाठीं एका स्थळाची बोलणीं चाललेलीं आहेत. घरीं आल्यावर हें सौ.ला सांगितलें, तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. वरच्या फळीवरून तिनें काकांची पोळपाटाची जोडी काढली, पुसली, आणि पुन्हां ठेवली.

विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. ती सभा येत्या रविवारीं सकाळीं साडेदहा वाजतां, खालीं मोटारी ठेवण्याच्या जागेंत आहे. एका घरटीं एकच मत असतें. “अहो, या वेळीं मी जातें,” असें सौ. म्हणाली आहे, आणि मीं तिला सांगितलें आहे कीं, आपण दोघेहि जाऊं, हात मात्र मी वर करीन.